इंद्रायणीच्या पाण्याचा जमाखर्च

मावळातल्या माणसाला पाऊस म्हणजे काय, हे सांगायला नको. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आगगाडीने चाळीस मैल पुढे पुण्याला यावे, तो आकडा सातशेच्या घरात उतरतो. पाऊस मोजणे तसे सोपे. उघड्यावर भांडे ठेवले की झाले. पण पडलेल्या पाण्यापैकी ओढ्या-नद्यांतून वाहून किती गेले, हे कसे मोजायचे? आणि त्या मोजणीचा खर्च कोणी सोसायचा?

आपल्या वाडवडिलांची मोजणी डोळ्यांची होती. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागले, यावर पुराचा अंदाज. गावापुरते तेवढे पुरे होते. पण १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि पाण्याला नवे गिऱ्हाईक आले. इंजिनांना पाणी हवे म्हणून रेल्वेने भुशीचे धरण बांधले. पुढे डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या वास्तुशिल्पज्ञाच्या मनात आले, की घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात उतरवून वीज का करू नये? जमशेटजी टाटांनी ती कल्पना उचलली. ते १९०४ साली वारले. काम त्यांच्या मुलांनी तडीस नेले. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली.

आता विचार करा, चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, तर किती पाणी येते हे आधी कळायला नको का? पाण्याच्या आकड्याला पैशाची किंमत आली ती अशी. मात्र शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. पाण्याचा हिशेब होतो, तसा बुडणाऱ्या जमिनीचाही व्हावा लागतो.

नदी मोजतात कशी? काठाला फुटांच्या किंवा मीटरच्या खुणांची पट्टी रोवतात. पात्राची रुंदी-खोली घेतात, पंख्यासारख्या यंत्राने पाण्याचा वेग पाहतात. पात्रातल्या पाण्याच्या छेदाचे क्षेत्र गुणिले वेग, म्हणजे विसर्ग. असे पुष्कळदा करून पातळी आणि विसर्ग यांचा तक्ता बांधतात. मग नुसती पट्टी वाचली तरी विसर्ग कळतो. पण गंमत अशी, की नदी तक्त्याला बांधलेली नसते. एका पुरात वाळू सरकते, कड ढासळते आणि कालचा तक्ता आज खोटा ठरतो. म्हणून पुन्हा पुन्हा मोजावे लागते. पट्टी स्वस्त असते. महाग असतो तो पावसापाण्यात नेमाने उभा राहणारा माणूस.

असल्या नेमाचे फळ फार उशिरा मिळते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला. कृष्णेच्या पाणीवाटपाचा तंटा बच्छावत लवादापुढे गेला, तेव्हा आधार कशाचा घेतला? विजयवाड्याजवळच्या १८९४-९५ ते १९७१-७२ अशा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदींचा. त्यांवरून चार वर्षांपैकी तीन वर्षे भरवशाने मिळणारे पाणी २०६० टी.एम.सी. ठरले. १८९४ साली नोंद लिहिणाऱ्या कारकुनाला याची काय कल्पना असणार? पण त्याने आळस केला असता, तर तीन राज्यांचे भांडण कशावर तुटले असते?

स्वातंत्र्यानंतर धरणांसाठी पैसा मिळत गेला. मोजणीकडे स्वतंत्र लक्ष उशिरा गेले. जागतिक बँकेच्या साह्याने १९९५ साली जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, २००६ साली त्याचा दुसरा टप्पा आला. महाराष्ट्र दोन्हींत होता. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यांत आपोआप नोंद घेऊन ती दूरवर कळवणारी यंत्रे बसली. २०१६ साली साऱ्या देशासाठी सुमारे ३,६८० कोटींचा राष्ट्रीय प्रकल्प मंजूर झाला. त्यातला निम्मा पैसा कर्जाचा.

हे सारे चांगलेच झाले. पण यंत्र एकदाच घ्यावे लागते आणि देखभाल दरसाल करावी लागते. प्रकल्पाला मुदत असते, नदीला नसते. बैल घ्यायला कर्ज काढावे आणि वैरणीची सोय करू नये, असे होता कामा नये.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. डोंगरात सर आली, की ओढा बघता बघता चढतो. असल्या प्रत्येक ओढ्यावर सरकारी केंद्र बसणे अवघड. मग शिक्षकहो, एवढे तरी करता येईल: शाळेजवळच्या ओढ्यावरील पुलाच्या खांबावर रंगाने खुणा करा. पावसाळ्यात रोज ठरल्या वेळी, कठड्याआड सुरक्षित उभे राहून, मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांना पातळी वाचू द्या. वहीत तारीख, वेळ आणि आकडा. पहिल्या वर्षी त्याचे काहीच वाटणार नाही. दहाव्या वर्षी ती वही गावाची ठेव होईल.