कीर्तीची वाटणी : पवळा हिवरगावकरीण

बसवकल्याणचा उल्लेख निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम भूलोकमल्ल सोमेश्वर आठवतो. इ. स. ११२६ ते ११३८ या काळात याच कल्याणात त्याने राज्य केले आणि ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोशासारखा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, ही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना प्रिय असलेली नोंद याच ग्रंथातली. परंतु या राजाविषयीची आणखी एक हकीकत तितकीशी प्रसिद्ध नाही. तेराव्या शतकात काकतीयांच्या पदरी असलेल्या जायप सेनापतीने ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. तीत तो सांगतो, की कल्याण नगरीत भूतमातेचा उत्सव चालला असता भिल्लिणीच्या वेषातील एका स्त्रीचे नृत्य सोमेश्वराने पाहिले आणि ते त्याला भावले. महाराष्ट्रात भिल्लिणीला ‘गोंडिनी’ म्हणतात, म्हणून त्या नृत्याचे नाव ‘गोंडली’ पडले. राजाचे नाव राहिले, नृत्याचे नाव राहिले, ग्रंथकाराचेही राहिले. नाचणारी मात्र ‘एक स्त्री’ एवढीच उरली.

ही कथा आरंभी सांगण्याचे कारण असे, की त्यानंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी मराठी मुलखात नाचणाऱ्या एका स्त्रीने स्वतःचे नाव गाजवून दाखवले. तिचे नाव पवळा हिवरगावकरीण. आजच्या भाषेत जिला ‘स्टार’ म्हणतात, जिच्या नुसत्या नावावर तिकिटे खपतात आणि जिच्यावरून घराघरांत वाद होतात, अशी मराठी लोकरंगभूमीवरची ही पहिली स्त्री म्हणता येईल. आणि तरीही तिच्या वाट्याला आलेली कीर्ती कशी वाटली गेली, हे पाहू लागले की कल्याणातली ती भिल्लीण पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहते.

पवळेचा जन्म १८७० सालचा. गाव हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. वडील तबाजी भालेराव. जात महार. आईबापांनी नवसाने तिला खंडोबाला वाहिली, म्हणजे ती मुरळी झाली, असे परंपरा सांगते. मुरळी म्हणजे काय, हे या सीमाभागात निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भालकीजवळच्या खानापूरचा मैलार हे खंडोबाच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक, आणि देवाची मराठी आरती व कानडी मल्लय्याची पदे एकाच आवारात ऐकण्याची आपल्या कानांना सवय आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘दक्षिणेचा लोकदेव खंडोबा’ असे ज्याचे वर्णन केले, त्या देवाच्या जागरणात वाघ्याच्या जोडीने घोळ वाजवीत रात्रभर उभी राहून गाणारी ती मुरळी. देवाशी लग्न लागलेली, म्हणून माणसाचा संसार तिला बंद, आणि संसार बंद म्हणून गावाची नजर मोकळी. या प्रथेला आपण श्रद्धेच्या आवरणाखाली फार काळ झाकून ठेवले. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदे करावे लागले, यावरून काय ते समजावे.

जागरणाने पवळेला आवाज दिला, धीटपणा दिला आणि रात्रीचा जमाव कसा धरून ठेवावा याचे शिक्षण दिले. तोवर तमाशाच्या फडावर स्त्री नव्हती. गण झाल्यावर गवळण सुरू होई. तीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची वाट अडवीत. परंतु त्या गवळणी, ती राधा, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, ज्याला ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. बतावणी, लावणी, वग, सारे काही पुरुषांचेच. कोल्हाटी स्त्रिया नाचत होत्या, कलावंतिणींच्या बैठका पेशवाईपासून होत्याच. परंतु गण-गवळण-वगाचा पूर्ण तमाशा घेऊन उघड्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून परंपरा पवळेचे नाव घेते. गवळणीत खरी स्त्री उभी राहिल्याबरोबर सारा खेळच पालटला. दान मागणाऱ्या कृष्णाला मिळणारे उत्तर आता स्त्रीच्या कंठातून येऊ लागले, आणि प्रेक्षकांना हसता हसता थोडे बिचकावेही लागले. मावशी मात्र पुरुषच राहिली. ती अजूनही पुरुषच असते.

याच सुमारास वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (जन्म १८६६) तमाशाच्या नादी लागले होते. औंधास काही शिक्षण झालेले, घरी कुलकर्णी वतन, आणि हा मनुष्य जात्यावरच्या ओव्यांपासून रचनेकडे वळून थेट फडात शिरलेला. हेच पठ्ठे बापूराव. ब्राह्मणाने लावणी लिहिणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आपल्या शेजारच्या सोलापूरचे राम जोशी आणि पवळेच्याच संगमनेरचे अनंत फंदी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते केले होते. नवल होते ते वेगळेच. ब्राह्मण कवी आणि महार गायिका एका फडावर, एका दिव्याखाली, दोघांच्या नावाने उभे राहिले आणि लोकांनी त्यासाठी पैसे मोजले. लावणीतील शृंगार समाजाने कधीच पचवला होता. त्याला बोचली ती ही जोडी. बापूरावांना वाळीत टाकले गेले, वतनावर त्यांनी पाणी सोडले, आणि या साऱ्या गवगव्याने फडाची गर्दी वाढतच गेली. निंदा ही फुकटची जाहिरात असते, हे त्या काळीही खरे होते.

मुंबईने त्यांना उचलून धरले. गिरण्यांत घाटावरून, कोकणातून, मोगलाईतून माणसे येऊन भरली होती. १८७१ साली लोहमार्ग गुलबर्ग्यावरून रायचूरपर्यंत पोहोचल्यावर आपल्या भागातील मजुरालाही मुंबई दूर राहिली नाही. या माणसांना आठवड्याच्या श्रमानंतर गावाची जत्रा हवी होती. ती त्यांना पिला हाऊसच्या परिसरातील थिएटरांत तिकीट काढून मिळू लागली. जत्रेतील तमाशा गावाच्या वर्गणीवर चाले. बिदागी पाटील ठरवी, आणि नापसंती दाखवणेही त्याच्याच हाती. तिकिटाने तमासगिराचा धनी बदलला. आता रस्त्यावरचा कोणीही मनुष्य धनी होता, आणि त्याला नाव पाहिजे होते. ‘पवळा’ हे ते नाव. पवळेच्या हातचा विडा घेण्यासाठी लोक वेगळे पैसे देत आणि रांगा लावीत, अशी आख्यायिका आहे. ‘मिठाराणी’चा वग कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींसमोर झाल्याचेही सांगतात. विड्याची गोष्ट आपल्याकडे आजवर मोठ्या चवीने सांगितली जाते. मला ती ऐकताना दर वेळी एकच प्रश्न पडतो. ज्या हाताचे पाणी गावात चालत नव्हते, त्या हातचा विडा मुंबईत विकत घेणारे प्रेक्षक आपल्या गावी परतल्यावर काय करीत असतील?

पुढे या जोडीची ताटातूट झाली. पवळा १९३९ साली निवर्तली, बापूराव १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत गेले. आणि येथून वाटणी सुरू होते. १९५० साली ‘पठ्ठे बापूराव’ या नावाने चित्रपट निघाला. त्यांची कवने संग्रहित झाली, त्यांना ‘शाहीर’ ही पदवी कायमची मिळाली. पवळा त्यांच्या चरित्रातले एक प्रकरण झाली. बोलण्यातसुद्धा पाहावे. आपण ‘बापूराव’ म्हणतो आणि लगेच ‘पवळा’ म्हणतो. एकाला ‘राव’ लागतो, दुसरीला ‘बाई’सुद्धा लागत नाही. प्रस्तुत लेखकानेही वर तेच केले आहे. जुन्या सवयीतून ही लेखणीही सुटलेली नाही.

या विषयावर अलीकडे अत्यंत मोलाचे लेखन झाले आहे. इतिहासकार शैलजा पाईक यांच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात पवळाबाईंचा स्वतंत्र विचार केला आहे. ‘अश्लील’ हा शब्द तमाशाला लावताना तो नाचाला लागतो की नाचणारीच्या जातीला, असा त्यांचा रोख आहे. हा प्रश्न टाळून पुढे जाणे आता कोणालाही शक्य नाही.

परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच कठीण आहे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या तमाशांचे उत्पन्न देऊ केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच समाजाच्या मुक्तीसाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. हा नकार वाचताना मन दुभंगते. कारण बाबासाहेबांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. कलेच्या नावाखाली चाललेली विटंबना त्यांनी स्पष्ट पाहिली होती. आणि तरीही, त्या फडावर उभी असलेली स्त्री केवळ नाचवलेली नव्हती, ती स्वतः नाचत होती, हेही खरे आहे. पवळेला नुसती बळी ठरवणे म्हणजे तिचे नाव दुसऱ्यांदा पुसणे होय, असे मला वाटते. तिला नुसती विजयिनी ठरवणे मात्र सोयीचे आहे, आणि प्रेक्षकांच्या बाजूने बसलेल्यांनी तरी ती सोय घेऊ नये.

पॅरिसमध्ये १९२५ साली अमेरिकेहून आलेली जोसेफीन बेकर ही कृष्णवर्णीय नर्तकी अशाच वादळी रीतीने प्रसिद्धीस आली. तिचेही अंग पाहायला लोक आले, तिलाही त्यांनी वन्य म्हटले, आणि तिनेही त्या नजरेचाच उपयोग करून स्वतःची सत्ता उभी केली. २०२१ साली फ्रान्सने तिला राष्ट्रपुरुषांच्या स्मारकमंदिरात, पँथिऑनमध्ये, स्थान दिले. हिवरगाव आणि पॅरिस यांत अंतर फार आहे, हे मान्य.

पवळेचा प्रभाव स्मारकात नव्हे, तर व्यवसायात शिल्लक राहिला. तिच्यानंतर नाच्या पोऱ्या हळूहळू मागे सरला आणि फड स्त्रीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४७ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठवली. अटी आल्या, पण स्त्री फडावरून उतरली नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी तमाशाच्या तंबूतच बाळंत होऊन पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार देते. कन्या मंगला बनसोडे यांनी तो वारसा पुढे चालवला. चित्रपटांनी तर या एका प्रतिमेवर पिढ्या पोसल्या. हंसा वाडकर व जयश्री गडकर यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ १९७२ साली आला. २०१० च्या ‘नटरंग’ने मात्र उलट दिशेने जाऊन नाच्याची व्यथा मांडली. पडद्यावरची ही बाई पाहताना पांढरपेशा प्रेक्षक जागचा हलत नसे. तंबूतली बाई मात्र त्याच्या बोलण्यात कधी येत नसे.

आता थोडे आपल्याविषयी. बीदर-कलबुर्गीकडील आपली जुनी मराठी घराणी, म्हणजे देशमुखी, देशपांडेपण, कुलकर्णपण करीत आलेली, निजामाच्या राज्यात उर्दू शिकून मराठी जपलेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. त्यानंतर मराठीपणाचा पुरावा देणे हे आपल्या संस्थांचे एक कामच होऊन बसले. त्या पुराव्यात आपण काय मांडतो? ज्ञानेश्वरीचे पारायण, माणिकनगरच्या दत्तजयंतीतील संगीत दरबार, नाट्यसंगीत. हे सारे योग्यच आहे. तमाशा त्या यादीत येत नाही. माझे आजोबा माळेगावच्या जत्रेहून आले की बैलांचे भाव सांगत. तीन रात्री बैलांचे भाव कोण पाहत बसतो, हा प्रश्न आजीने त्यांना कधी विचारला नाही.

या भागातील कानडी शेजाऱ्यांनी याबाबत आपल्यापेक्षा कमी संकोच केला आहे. आपल्या कलगी-तुऱ्याचे कानडी भावंड म्हणजे हरदेशी-नागेशीचा सवाल-जबाब. डफ-तुणतुण्यावरची गीगी पदे लोकवाङ्मय म्हणून विद्यापीठांत अभ्यासली जातात, आणि त्या प्रकाराला कानडीतही ‘लावणी’ असेच म्हणतात. शिव श्रेष्ठ की शक्ती, हा वाद दोन्ही भाषांनी शतकानुशतके रात्री जागवून घातला. सीमावादाच्या कागदांत हा पुरावा कोणीच जोडला नाही, कारण तो कोणत्याच एका बाजूचा नाही.

पवळेच्या फडासारखे फड आणि त्यांतल्या स्त्रिया आपल्या गावांतही येऊन गेल्या असतील, तर त्यांची नावे शोधण्याची एक जागा आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरी वतनाची मोडी दप्तरे अद्याप शाबूत आहेत, त्यांना एक विनंती. जत्रेच्या खर्चाचे कागद सहसा रद्दी म्हणून बाजूला टाकले जातात. तेल, गुळ, मशालजी, वाजंत्री अशा रकमांच्या मध्ये कोठे ‘तमासगीर’ किंवा ‘मुरळी’ असा शब्द आणि त्यापुढे बिदागीचा आकडा आढळला, तर तो कागद वेगळा काढून ठेवावा. आकड्याशेजारी एखादे स्त्रीचे नाव असेल, तर तेवढे नाव या पत्रिकेकडे अवश्य कळवावे.