शुक्रवारची मालमत्ता, सोमवारची मालमत्ता

लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती आणि त्यात शंभरातले शहाण्णवहून अधिक मुसलमान. आपल्याकडे या बेटांची ओळख निळं पाणी आणि पर्यटनाच्या जाहिराती एवढीच. मला तिथे जायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी. मुस्लिम समाजात घर, जमीन, माड आईकडून मुलीकडे जातात, ही गोष्ट मला डोळ्यांनी पाहायची होती.

परवाना काढून, कोचीहून रात्रभर जहाजाने मी कल्पेनीला पोचलो. बेट इतकं शांत की माडाची झावळी पडली तरी कळावं. पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा बांध दिसतो. १८४७च्या वादळाने समुद्रातून उचलून तो तिथे टाकला. त्या वादळात बेटांची फार हानी झाली.

लोक इस्लामच्या आगमनाचं श्रेय हजरत उबैदुल्ला यांना देतात. त्यांची मजार आंद्रोत बेटावर आहे. सातव्या शतकाची ही परंपरा इतिहासकार जशीच्या तशी मानत नाहीत, पण मलबारहून आलेल्या वस्तीने कालांतराने इस्लाम स्वीकारला, याबद्दल फारसा वाद नाही. येताना ती माणसं आपली मातृवंशीय घराणी, म्हणजे तरवाड, सोबत घेऊन आली होती. कलमा पढला, तरवाड मोडला नाही.

मग वारशाचं काय? इथे बेटवाल्यांनी जी वाट काढली तिला माझा सलाम. मालमत्तेचे दोन भाग. एक 'वेळ्ळियाळ्च', म्हणजे शुक्रवारची. ही तरवाडाची, सामाईक. ती आईच्या वंशातून पुढे जाते. दुसरी 'तिंगळाळ्च', सोमवारची. ही ज्याने कमावली त्याची, आणि तिची वाटणी शरियतप्रमाणे. जुन्या रीतीत नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि दिवसा आपल्या आईच्या घरी असे. निकाह काझीच पढवी, मेहरही ठरे. कारभार बहुधा घराण्यातला वडीलधारा पुरुष, कारणवर, पाही. म्हणजे सत्ता बायकांच्या हाती होती असं नव्हे. पण पायाखालची जमीन त्यांच्या वंशाची होती.

याची मुळं समजायला काथ्या पाहावा लागतो. पुरुष होड्या घेऊन मलबारला जात आणि महिनोन्महिने परतत नसत. मागे बायका नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवत, बडवत आणि काथ्या वळत. त्या काथ्याच्या बदल्यात तांदूळ येई. या व्यापारावर कन्नूरच्या अरक्कल घराण्याची मक्तेदारी होती, आणि त्या घराण्यात स्वतः बिबी गादीवर बसत. माणसं समुद्रावर असताना घर कुणी धरून ठेवायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी रोजचा होता.

या समाजावरचं महत्त्वाचं पुस्तक, 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम', १९६९ साली आलं. ते लिहिणाऱ्या लीला दुबे मराठी घरातल्या, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. अभ्यास याच कल्पेनीचा. आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली, याचं मला नवल वाटतं.

आता जरा आपल्या घरात पाहू. कोकणी मुसलमान शाफई, लक्षद्वीपवालेही शाफई. एकाच समुद्राने दोघांना हा मजहब दिला. आपल्याकडे कुराणाने मुलीला ठरवून दिलेला हिस्सा आहे. भावाच्या निम्मा, पण हिस्सा आहे. प्रत्यक्षात काय होतं? बापाचा चाळिसावा झाला की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. ही रीत कुठल्याही फिकहमध्ये नाही. पण तिला कुणी 'गैरइस्लामी' म्हणत नाही. बेटावरचा तरवाड मात्र आपल्याला लगेच खटकतो.

आता तिथेही घरं बदलत आहेत. नोकरीच्या पगारातून बांधलेल्या घरात नवरा-बायको एकत्र राहतात, आणि सोमवारची मालमत्ता वाढते आहे. मी उतरलो होतो त्या घरातल्या आजींना मी दुभाष्यामार्फत विचारलं, हे घर कुणाचं? त्या जरा गोंधळल्या. मग स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या नातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, आज माझं, उद्या हिचं, आणखी कुणाचं असणार?