भाकरीपासून समुपदेशनापर्यंत : नगर जिल्हा आणि विद्यार्थी-कल्याणाचा इतिहास

१/ जिरायती नगर जिल्ह्यातील किती तरी मुलांचे उच्च शिक्षण खानावळीच्या बिलापाशी अडले. प्रवेश मिळे, फीही कशीबशी भरली जाई. पण रोज जेवायचे कोठे? विद्यार्थी-कल्याणाचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

२/ कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कऱ्हाड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवत. बोर्डिंग चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.

३/ १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा व शिका’ हे त्याचे सूत्र. अंगमेहनत करायची आणि त्या बळावर पदवी घ्यायची. गरीब मुलाला दान न देता काम दिले, म्हणून त्याची मान ताठ राहिली.

४/ त्याच वर्षी डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. पदवीसाठी पुणे-मुंबई गाठण्याची सक्ती सरली. पुढे श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे रयतची महाविद्यालये उभी राहिली.

५/ जिल्ह्यातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न. या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय येथे काम आणि तासांवर मानधन, असे तिचे स्वरूप.

६/ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने ‘विद्यार्थी कल्याण’ मंडळाच्या जागी ‘विद्यार्थी विकास’ मंडळ आणले. बदल केवळ नावाचा नव्हता. मदतीपलीकडे जाऊन विद्यार्थ्याच्या घडणीचा विचार त्यात अपेक्षित होता.

७/ मनाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागेच राहिला. ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही राष्ट्रीय सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले.

८/ अशी माणसे घडवणारे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण अहमदनगर कॉलेजच्या ‘सीएसआरडी’ संस्थेत मिळते. म्हणजे साधन जिल्ह्यातच आहे. बोर्डिंगमध्ये कोण उपाशी राहिले, हे पंगतीत लगेच कळे. मनाने खचलेले मूल तसे दिसत नाही; त्याची चौकशी करणारे माणूस महाविद्यालयात असावे लागते.