एक पगार आणि अनेक पतपेढ्या

पतपेढीचे सभासद व्हावे की न व्हावे, असे आमच्या कामगारवस्तीत आता कोणी विचारीत नाही. विचारतात ते निराळेच. कोणत्या पेढीत नाव घालावे, आणि एकीवर थांबावे की दोन-तीन ठिकाणी सभासद व्हावे? प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु सहकारी पतचळवळ जितकी जुनी, जवळजवळ तितकाच तोही जुना आहे.

ह्या चळवळीचा उगम जर्मनीतला. १८५० साली डेलिच गावच्या शुल्झे ह्या न्यायाधीशाने शहरी कारागिरांसाठी अशी पेढी काढली. पुढे राइफायझेन ह्या गावप्रमुखाने खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी तिचे निराळे रूप घडविले. त्याची हेडेसडोर्फची पेढी १८६४ सालची. राइफायझेनच्या पेढीची हद्द म्हणजे एक लहानसा गाव. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे सर्वांना ठाऊक. पेढी बुडाली तर प्रत्येक सभासदाने आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी ती भरून द्यायची. जो आपले सर्वस्व एका पेढीला तारण देतो, तो तेच सर्वस्व दुसरीला कसे देणार? म्हणून एका माणसाने एकाच पेढीत असावे हा तिथला दंडक होता. त्यात उपदेश काही नव्हता, साधा हिशेब होता.

आपल्याकडे बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ सालीच अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. सरकारला जाग पुढे आली. मद्रासेत फ्रेडरिक निकल्सन यांनी राइफायझेनच्या पद्धतीची शिफारस करणारा अहवाल १८९५ साली दिला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एका गावची किंवा शहरची निदान दहा माणसे जमली की संस्था नोंदता येऊ लागली. कायद्याचा कटाक्ष एकमेकांच्या ओळखीवर होता.

पण कामगाराच्या दृष्टीने खरा इतिहास कायद्याच्या पुस्तकात नाही, तो गिरणीच्या दाराशी आहे. १९३१ साली व्हिटले कमिशनने नमूद करून ठेवले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहूनही अधिक आहे. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा परिचित दर. म्हणजे वर्षाचे शेकडा ७५! पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन दाराबाहेर उभा. आणि देणे का एकट्या पठाणाचे असे? वाण्याची उधारी, मुकादमाचे हातउसने, मारवाड्याकडे गहाण पडलेली भांडी, ही सारी देणी एकाच पगारावर टपलेली. एकाचे भागविण्यासाठी दुसऱ्याकडून काढायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चाले. पतपेढीने कामगारावर उपकार केला तो स्वस्त व्याजापुरता नव्हे. चार दारांचे कर्ज तिने एका दारी आणले, हे तिचे मोठे काम.

आता तीन पेढ्यांचे सभासदत्व घेणारा आमचा बांधव काय करतो? तो ती चार दारे पुन्हा उघडतो. फक्त त्यांवर सहकाराच्या पाट्या लावलेल्या असतात. पहिल्या पेढीची कर्जमर्यादा संपली म्हणून दुसरी, आणि दुसरीचा हप्ता थकू नये म्हणून तिसरी. वीस हजार पगारातून सात हजार एका पेढीला गेले आणि पाच हजार दुसरीला, की उरलेल्या आठांत घरभाडे, शाळा आणि दवाखाना. १९३६ च्या वेतन कायद्याने पगारातून सहकारी संस्थेची वसुली करण्यास मुभा दिली. १९६० च्या महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याच्या ४९ व्या कलमाने सभासदाच्या संमतिपत्रावरून मालकाने ती करावी असे ठरविले. १९६४ च्या दुरुस्तीनंतर तर अशी वसुली असल्यास एकूण कपात पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शके. पगारवाढीसाठी झगडायचे आम्ही आणि वाढ जायची पेढ्यांच्या खात्यावर! २०१९ च्या वेतन संहितेत ही मर्यादा ५० टक्क्यांवर आणली, हे योग्यच झाले.

मग एकच पेढी, आणि तीही आपल्याच कारखान्याची, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? तसे होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. ज्या पेढीचे सारे सभासद एकाच मालकाचे नोकर, तिची वसुली पगाराबरोबरच थांबते. आणि नेमक्या त्याच वेळी प्रत्येकाला आपली ठेव परत हवी असते. एरवी जी ओळख पेढीचे बळ, तीच अशा प्रसंगी तिचे दुबळेपण ठरते. म्हणून बचतीचा काही भाग कारखान्याच्या बाहेर असावा, ह्या म्हणण्यात तथ्य आहे.

तो बाहेर ठेवायचा कुठे? इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ साली हिंदुस्थानात आले असता त्यांनी आपल्या ग्रामीण पतपेढ्या पाहिल्या आणि मायदेशी जाऊन ह्या चळवळीचा पाठपुरावा केला; मॅसॅच्युसेट्सचा तद्विषयक कायदा १९०९ चा. त्या अमेरिकेत १९७० पासून पतपेढ्यांतील ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तिथल्या माणसाने दोन-तीन पेढ्यांत पैसे विभागले तर ते शहाणपणच. आपल्याकडे ठेवविमा १९६२ साली सुरू झाला, सहकारी बँका पुढे त्यात आल्या, २०२० साली मर्यादा पाच लाखांवर गेली. पतसंस्था मात्र बाहेरच राहिल्या. तेव्हा तीन पतसंस्थांत ठेव विभागून तिला विमा मिळत नाही. दुसरे खाते काढायचेच तर ते बँकेत काढावे, हे आमचे मत.

आणि पहिली पेढी निवडताना व्याजाचा फलक वाचून भुलू नये. वार्षिक अहवाल मागावा. थकबाकी किती, नफ्याचा निदान चौथा हिस्सा गंगाजळीत गेला की नाही, लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला, एवढे पाहण्यास पदवी लागत नाही; आम्ही रात्रशाळेच्या बाकावर ते शिकलो. लाभांश १५ टक्क्यांहून अधिक देण्यास कायद्याचीच मनाई आहे, म्हणून त्यापलीकडचे आमिष दाखविणाऱ्याला सरळ कलम दाखवावे. सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच असते. ते वार्षिक सभेला जाऊन द्यावे लागते. तीन पेढ्यांचा सभासद बहुधा एकीच्याही सभेला दिसत नाही.

राहिली जामीनकी. अनेकजण दुसऱ्या पेढीत जातात ते स्वतःच्या कर्जासाठी नव्हे, तर मित्राला जामीन हवा म्हणून. तू मला, मी तुला, असा हा व्यवहार असतो, आणि नाही म्हणणे जिवावर येते. पण मित्राने हप्ते थकविले की वसुलीचे पत्र जामीनदाराच्या नावाने निघते. एक ठिकाणी जामीन राहिलात तर ते निदान ध्यानात असते. तीन पेढ्यांत पाच मित्रांना जामीन राहिलेला माणूस आम्हांस ठाऊक आहे. त्याने स्वतः एका पैचेही कर्ज काढलेले नव्हते आणि त्याच्या पगारातून तीन हप्ते कापले जात होते.