भाऊचा धक्का

नागपुरास समुद्र नाहीं. १८६७ सालीं आगगाडी आली आणि मुंबई आम्हांस जवळची झाली. कोंकणांतील माणसास मात्र मुंबई गांठावयाची म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गलबताचाच आधार. किनाऱ्यास लागल्यावर चिखलपाणी तुडवीत उतरतांना उतारूंची, विशेषतः बायकामुलांची, फार त्रेधा उडे. नागपुरास आगगाडी येण्यापूर्वींच लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ह्या गृहस्थांनीं समुद्रांत भर घालून मुंबईस धक्का बांधविला. लोक त्यांस ‘भाऊ’ म्हणत. इंग्रजींत त्या जागेस ‘फेरी वार्फ’ म्हणतात. परंतु उतारूंनीं ‘भाऊचा धक्का’ हेंच नांव राखलें. जनतेच्या कृतज्ञतेस शिलालेख लागत नाहीं, तो असा.

तथापि ह्या धक्क्याच्या इतिहासास एक काळें पानहि आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, येथून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेंतच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या एका महिन्यावर होता. त्या उत्सवांत कोंकणांतील कित्येक घरें सुतकांत होतीं.

आज येथून रेवस व मोरा येथें लांची जातात. २०२० पासून मांडव्यास मोटारींसह माणसें नेणारी बोटहि सुरू झाली आहे. प्रवास सोपा झाला, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु उतरावयास धक्का देणाऱ्याचें नांव जसें लोकांनीं जपलें, तसें पैलतीरास न पोंचलेल्यांचें स्मरणहि जपलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.