पत्त्यांची वही : एकट्याच्या व्यवसायाचा एक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते मराठी शिकवीत. परंतु शाळेच्या वस्तुभांडाराची रोजकीर्दही तेच लिहीत. निबंधाच्या वहीइतक्याच काळजीने ती ते आम्हांकडून वाचून घेत आणि म्हणत, "हेही गद्यच आहे." मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक व्यापाराविषयी काय बोलणार, अशी शंका ज्यांच्या मनात आली असेल त्यांना माझे उत्तर एवढेच आहे.

विषय मला एका माजी विद्यार्थिनीने दिला. ती जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवते. शिवणे, छायाचित्रे काढणे, त्यांखाली चार ओळी लिहिणे, पार्सल बांधणे, पैसे आले की नाहीत ते पाहणे, सारे एकटीच करते. सहा वर्षे तिचा हा व्यवसाय समाजमाध्यमावरील एका खात्यावर चालला. एके दिवशी सकाळी ते खाते बंद झालेले दिसले. कारण कळले नाही. दाद मागितली तेव्हा ठरावीक साच्यातले एक यांत्रिक उत्तर आले. ती माझ्याकडे आली तेव्हा छायाचित्रे गेल्याबद्दल फारसे बोलली नाही. "माणसंच गेली की हो, सर," एवढेच म्हणाली. सहा वर्षांच्या गिऱ्हाइकांपैकी एकाचाही पत्ता तिने वेगळा लिहून ठेवला नव्हता.

एकट्या माणसाला दूरच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करता यावा, अशी साधने कशी निर्माण झाली आणि त्या साधनांत पत्त्यांची वही कोणाच्या हाती राहिली, हे पाहण्याचा प्रयत्न मी त्या दिवसापासून करीत आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करता येतो. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ते तेथून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा येथे त्या विकत व चालविण्यासही शिकवीत. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून आले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करू लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर खपेनात. अशा वेळी विक्रेत्याला विकण्याआधी समजावून सांगावे लागते, आणि एकदा सांगून ते भागत नाही. १९१० मध्ये बेळगावातील जागा सोडणे त्यांना भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. जागा गेली तरी धंदा उभा राहिला. कारण माल कोणाला हवा आहे हे ज्ञान त्या जागेबरोबर गेले नव्हते.

याच किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. आज ते मासिक म्हणून, त्यातील लेखकांसाठी आणि सुधारकी विचारांसाठी आठवले जाते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी, त्यांत मीही आलोच, त्याच्या आरंभाकडे थोडे दुर्लक्षच केले. आरंभी ते कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांस देणारे पत्र होते. मालाविषयी लिहिता लिहिता वाचकांच्या जीवनाविषयी लिहिणे क्रमाने आले. हा प्रवास मी मुद्दाम नोंदवीत आहे, कारण ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी अगदी निराळ्या यंत्रावर तो पुन्हा घडलेला आपल्याला दिसेल.

किर्लोस्करांचा कारखाना मोठा झाला. परंतु त्याच काळात काढे, पंचांगे, पुस्तके, अत्तरे विकणारी एकेकट्याची कितीतरी घरगुती दुकाने टपालावर जगत होती. टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही. पी.ची पद्धत सुरू केली, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड काढले आणि १८८० मध्ये मनीऑर्डर आणली. तीन वर्षांत सिद्ध झालेल्या या त्रयीचे महत्त्व आपल्या आर्थिक इतिहासात पुरेसे सांगितले गेलेले नाही. पोस्टकार्डाने मागणी येई, व्ही. पी.ने माल जाई. पोस्टमन दारात पैसे घेई आणि ते मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे पोहोचत. विक्रेत्याची पत कोणी विचारीत नसे. व्ही. पी. सोडवून न घेणारे महाभागही होते, आणि परत आलेल्या पार्सलाचा भुर्दंड बिचाऱ्या विक्रेत्यावर पडे. तरीही एक गोष्ट निश्चित होती. वाहतूक सरकारची असली तरी पत्त्यांची वही विक्रेत्याच्या पेटीत असे.

या त्रयीचे काम पुढे ज्या साधनांनी उचलले त्यांचा जन्म अमेरिकेत झाला. त्यासाठी आता आपल्याला शतकभर पुढे यावे लागेल. जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील दैनंदिन नोंदींना 'वेबलॉग' म्हटले. 'लॉग' म्हणजे जहाजावरील नोंदवही. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्या शब्दाचे तुकडे निराळ्या ठिकाणी पाडले आणि 'ब्लॉग' हा शब्द निघाला. मराठीत कोणी त्याला 'अनुदिनी' म्हटले. मूळचे हे क्रियाविशेषण, 'दररोज' या अर्थाचे; त्याचे नाम करण्याला माझा विरोध नाही, पण गुरुजींच्या भांडारात वाढलेल्या मला 'रोजकीर्द' अधिक जवळचा वाटतो.

तोवर संकेतस्थळावर चार ओळी घालायच्या तर संगणकाची खूणभाषा शिकावी लागे. ऑगस्ट १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील पायरा लॅब्स या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' हे साधन खुले केले. चौकटीत मजकूर लिहावा, कळ दाबावी, की तो प्रसिद्ध व्हावा. इव्हान विल्यम्स आणि मेग हुरिहान यांची ही कंपनी वास्तविक दुसरेच काही विकण्यासाठी निघाली होती; हे साधन वाटेत सापडले. वापरणारे वाढत गेले, उत्पन्न मात्र नव्हते. यंत्रे विकत घेण्यासाठी वापरणाऱ्यांकडूनच वर्गणी मागण्याची वेळ आली. २००१ च्या आरंभी पैसे संपले, सहकारी निघून गेले आणि विल्यम्स जवळजवळ एकटेच ते चालवीत राहिले. म्हणजे जगभरच्या एकट्या व्यावसायिकांना ज्याने हात दिला ते साधन काही काळ स्वतःच एकट्याची पेढी होते. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. त्याच वर्षी गूगलची 'ॲडसेन्स' योजना आली आणि लेखनाशेजारी आपोआप जाहिराती लागून लेखकाला त्यांतील वाटा मिळू लागला. पैसे स्वीकारण्यासाठी पेपॅल १९९९ पासून होतेच. लेखन, जाहिरात, वसुली अशी नवी त्रयी जमली.

तिचा उपयोग कसा झाला याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण एका शिंप्याचे आहे. थॉमस मेहन हे लंडनच्या सॅव्हिल रो या पेठेत, अँडरसन अँड शेपर्ड या नामांकित घराण्यात काम शिकलेले. पुढे ते इंग्लंडच्या उत्तरेकडील कंब्रिया परगण्यात राहून स्वतःचा व्यवसाय करू लागले. कसबाला तोटा नव्हता. गिऱ्हाईक दूर होते. ह्यू मॅक्लाउड हा त्यांचा मित्र जाहिरातीच्या धंद्यातला, भेटपत्रांच्या पाठीवर व्यंगचित्रे काढणारा. त्याच्या आग्रहावरून २००५ च्या आरंभी मेहन यांनी 'इंग्लिश कट' हा ब्लॉग सुरू केला. कोट कसा बेततात, आतले अस्तर हाताने का घालतात, एका सुटाला इतके पैसे का पडतात, हे सारे त्यांनी साध्या भाषेत लिहिले. आमच्याकडे कारागीर आपली विद्या पदराखाली झाकतो. यांनी ती उघडी केली आणि अमेरिकेतून मागण्या येऊ लागल्या. ते वेळोवेळी न्यूयॉर्कला जाऊन गिऱ्हाइकांची मापे घेत. वाचलेल्या मजकुरावरून कोट शिवता येत नाही, कारागिराची पारख मात्र होते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. 'किर्लोस्कर खबर'चा आरंभ डोळ्यांसमोर असणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

आता दुसरी बाजू. ज्या घरांत ही लेखने राहत ती परक्यांची होती. जिओसिटीज हे विनामूल्य संकेतस्थळांचे मोठे गाव १९९४ मध्ये वसले, १९९९ मध्ये याहूने घेतले आणि २००९ मध्ये उठवले. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधाचे निकष बदलले आणि अनेक संकेतस्थळांचे वाचक एका झटक्यात घटले. त्यांतील पुष्कळांचा मजकूर निःसत्त्व होता, हेही खरे. पण निकाल देणाराही तोच आणि रस्त्याचा मालकही तोच, ही स्थिती व्यापाराला पोषक नव्हे. त्या काळी अनेक ब्लॉगांचे नवे लेखन एकत्र वाचण्यासाठी 'गूगल रीडर' पुष्कळांच्या हाती होते. त्यात वही वाचकाकडे असे, कोणाचे वाचायचे हे तो ठरवी. १ जुलै २०१३ रोजी तेही बंद झाले.

याच सुमारास लोक फेसबुकसारख्या माध्यमांकडे वळले. तेथे दुकान थाटणे अधिक सोपे. चौकटसुद्धा निवडावी लागत नाही. परंतु अनुयायी जमवले विक्रेत्याने आणि त्यांची यादी राहिली माध्यमाकडे. पुढे विक्रेत्याचा मजकूर त्याच्याच अनुयायांपर्यंत विनामूल्य पोहोचणे कमी कमी होत गेले; पोहोचवायचा तर जाहिरात घ्या, असा व्यवहार झाला. पोस्टमनने आपल्याच गिऱ्हाइकांचे पत्ते आपल्याला विकावेत, तसे हे होते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली तेव्हा कारण सर्वस्वी निराळे होते. पण तेथे दुकान मांडून बसलेल्या लहान माणसाला अनुभव तोच आला.

सगळेच असे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. फ्रान्समधील मिशेल वाल्ड्रिगी यांची 'बी-टू' नावाची ब्लॉगची आज्ञावली मागे पडली, तेव्हा अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तीच पुढे नेऊन मे २००३ मध्ये 'वर्डप्रेस' सिद्ध केले. असे करता आले, कारण ती कोणीही घ्यावी व सुधारावी अशा मुक्त परवान्याखाली होती. स्वतःचे नाव नोंदवून, जागा भाड्याने घेऊन त्यावर दुकान मांडता येते, आणि घरमालक बदलला तरी मजकुरासह बिऱ्हाड हलवता येते. टपालाने वर्गणीदारांना पत्र पाठवावे तशी ई-पत्रेही पुन्हा मानाला चढली. २०१७ मध्ये निघालेल्या सबस्टॅकसारख्या सेवेत वर्गणीदारांची यादी लेखकाला आपल्याबरोबर नेता येते. वसुलीच्या बाजूला २०१६ मध्ये आलेली यूपीआय ही माझ्या मते मनीऑर्डरीची खरी वारस होय. बँक कोणतीही असो, दुकान केवढेही असो, ती कोणाला पायरीवरून परत पाठवीत नाही.

मराठीची एक अडचण वेगळी होती. प्रत्येक टंकाची अक्षरजुळणी स्वतंत्र असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर उमटत नसे, आणि शोधात तर सापडतच नसे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सरली. त्या काळी अनेक मराठी लेखकांनी टंकनासाठी जी आज्ञावली वापरली तिचे नाव 'बरह'. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये ती मूळ कन्नडसाठी केली, पुढे तीत देवनागरीची सोय झाली. 'बरह' या कन्नड शब्दाचा अर्थ लेखन. बेळगावात उभे राहून ही गोष्ट सांगताना मला थोडी मौज वाटते. सभागृहातही काही चेहऱ्यांवर ती दिसते आहे.

त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. तिने पाठवलेल्या पार्सलांच्या टपालपावत्या बिस्किटांच्या एका डब्यात साठवल्या होत्या. पावतीवर नाव, पिनकोड आणि गाव एवढेच. त्यावरून आठवून, ओळखीच्यांना विचारून, तिने शंभराच्या वर माणसे पुन्हा शोधली. कित्येक सापडली नाहीत. आता तिने स्वतःच्या नावाची जागा घेतली आहे आणि पत्त्यांची एक दोनशेपानी वहीही घातली आहे, निळ्या पुठ्ठ्याची.

नावावरून आमचा वाद झाला. पुण्याचे गिऱ्हाईक 'गोधडी' म्हणून शोधते, धारवाडकडचे 'कौदी' म्हणते, आणि आपण 'वाकळ' म्हणतो. मी व्यापाराचा विचार करून 'गोधडी' सुचवले. तिने 'वाकळ'च ठेवले. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असा पत्ता मिळतो, तो घ्यावा असा माझा हट्ट होता. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना तो टंकता येणार नाही, असे सांगून तिने तो मोडून काढला, आणि ते मला पटले. पहिल्या लेखाचा विषय तिने 'वाकळच का' असा घेतला. मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे आला. मी तीन दुरुस्त्या सुचवल्या. दोन तिने केल्या. तिसरी, 'आज्जी'ची 'आजी', तिने केली नाही. आमच्या घरात असेच म्हणतात, म्हणाली.