शाळिग्रामांचे देव कसे झाले

भोसरीत लांडगे आणि गव्हाणे, आकुर्डीत काळभोर, पिंपरीत वाघेरे, वाकडला कस्पटे. पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या माणसाला नुसतं आडनाव सांगा, तो गाव ओळखतो. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी आली, पण त्याआधी ही सगळी भावक्यांची खेडी होती. चिंचवडे हे आडनाव तर सरळ गावावरूनच पडलेलं. चिंचवडगावातल्या देवांचं तसं नाही. त्यांचं आडनाव गावावरून आलं नाही, वतनावरूनही नाही. परंपरा सांगते, ते तुकोबांच्या तोंडून आलं.

घराणं मूळचं शाळिग्राम, कर्नाटकातून मोरगावी आलेलं असं मानतात. त्यातले मोरया गोसावी मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त. पुढे ते चिंचवडला राहिले आणि पवनेकाठीच त्यांची समाधी झाली. त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज. देहूहून आलेल्या तुकोबांना चिंतामणींच्या ठिकाणी साक्षात गणपती दिसला आणि त्यांनी त्यांना 'देव' म्हणून हाक मारली, अशी कथा आहे. अंगात देव आणणाऱ्यांची ज्यांनी आयुष्यभर टर उडवली, त्याच तुकोबांकडे ही हाक जावी, याची मला मोठी गंमत वाटते. अर्थात त्यांच्याइतका वजनदार साक्षीदार पंचक्रोशीत दुसरा होता तरी कोण?

कथा खरी असो वा नसो, नाव मात्र चिकटलं. पेशवाईत 'चिंचवडकर देव' ही संस्थानाची रूढ ओळख होती. देव हा माणूसही आणि पदवीही, त्यामुळे परक्यांचा गोंधळ उडे. एडवर्ड मूर हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी 1800 मध्ये चिंचवडला येऊन गेला आणि पिढीजात चालत आलेल्या या जिवंत देवाबद्दल त्याने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये सविस्तर लिहिलं. 1809 मध्ये आलेल्या मारिया ग्रॅहम या बाईंवर मात्र देवांची फारशी छाप पडली नाही. पुढच्याच वर्षी थेट वंश खुंटला आणि गादी दूरच्या नात्यात गेली. आडनाव तेवढं तेच राहिलं. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी आजही चिंचवडहून मोरगावला जाते.

देव आडनाव महाराष्ट्रभर भेटतं, पण म्हणून सगळे देव चिंचवडचे नव्हेत. समर्थ वाङ्मयाच्या संशोधनाला वाहून घेतलेले शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचे. अभिनेते रमेश देव यांचं घराणं तर मूळचं राजस्थानातलं, आडनाव ठाकूर. त्यांना 'देव' केलं ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी, असं सांगतात. तिथेही आडनाव दुसऱ्याच्याच तोंडून आलं, फक्त संताच्या जागी राजा होता.